अंश

अमळनेरला मार्चातच पारा चाळीसला टेकला
आणि माझा उजवा हात पासष्टला अडला.
दोन्ही अंशच की, बोरसे मॅडम म्हणाल्या,
आणि कंपासपेटीतला वाटावा असा
एक आरपार दिसणारा कोनमापक
माझ्या खांद्याला लावला.

जिना पिठाच्या गिरणीवरून चढतो.
कठड्यावर पिठाचा थर; सवयीनं
चिमटीत घेऊन पाहिलं. जाडसर दळलंय,
मांड्याला चालायचं नाही.

मला वाटलं होतं, गेल्या गेल्या ओढतील,
कडकन वाजेल, आणि मोकळी होऊन
बाजार करून घरी.
पारोळ्याचा हाडवैद्य तसंच करायचा म्हणे.
इथं पहिल्या दिवशी नुसतेच प्रश्न.
झोपता कुठल्या कुशीवर?
वेणी कोण घालतं?
पोलक्याचे हूक पुढे की मागे?
साखर आहे?
आहे. चहात नाही, रक्तात.
मला पाहायला आले होते तेव्हाही
एवढं कुणी विचारलं नव्हतं.

"शून्य ते दहा, कितलं दुखस, मावशी?"
आता दहा म्हणजे काय, ते आधी ठरायला हवं.
थोरल्याचं बाळंतपण दहा धरू.
खापराला कोपर टेकलं होतं,
डाग अजून आहे, ते सहा.
रात्री तीनला कूस वळताना होतं त्याला
माझ्याकडे आकडा नव्हता.
सात, म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं.

बाहेर बेचाळीस, आणि ही पोरगी
माझ्या खांद्यावर गरम पिशवी ठेवते!
अगं, गच्चीवर उभी राहते की फुकटात.
ती हसली, आणि हसता हसता
हात उचलत गेली
जिथं तो जात नाही तिथवर.
"थांब," मी म्हटलं.
थांबली.
चाळीस वर्षं चुलीपुढे काढली,
माझ्या थांब म्हणण्यावर
आजवर फक्त उतू जाणारं दूध थांबलं नव्हतं असं नाही.

दाराला कप्पी, कप्पीला दोरी.
डाव्यानं ओढायचं, उजव्यानं नुसतं वर जायचं,
जशी आडातून बादली येते, आपलं काही न लावता.
मग भिंतीवर बोटं चालवायची, मुंगीच्या चालीनं.
घरी दिवसातून तीनदा.
जिथं मुंगी थकली तिथं मी कोळशानं रेघ ओढते.
त्याच भिंतीवर भावेशची उंची मांडलेली,
सहा वर्षांचा आहे,
अजून तरी तो पुढे आहे.

दुसऱ्या दिवशी जास्त दुखेल,
असं त्यांनी बजावून सांगितलं होतं.
मी ऐकलं होतं, पण
दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकतो तसं.

तिसऱ्या आठवड्यात एकशे दोन.
मी वाटेत गूळ घेतला, सगळ्यांना वाटला.
चौथ्यात चौऱ्याण्णव.
त्या दिवशी जिन्यात बसून रडले,
खाली गिरणी चालू होती, बरं झालं.
बोरसे मॅडम म्हणाल्या, खांदा रेल्वेच्या वेळापत्रकानं येत नाही.
मी म्हटलं, रेल्वे तरी कुठं येते.

आखाजीची सव्वाशे मांड्यांची सांगी
हर्षानं घेतली, माझी भाची.
मी पाटावर बसून डाव्या हातानं पुरण वाटत होते.
तिचा मांडा पंजावरून मनगटाशी यायचा
आणि तिथंच ती दचकून खापरावर टाकायची.
अगं, घाबरू नको, कोपरापर्यंत येऊ दे,
त्याला त्याच्या वजनानं वाढू दे.
बोलता बोलता माझाच हात
दाखवायला वर गेला.
मोजायला तिथं कुणी नव्हतं.

बाहेर कडुनिंबाला झोका बांधलाय,
पोरी दोन्ही हात वर करून दोर धरतात,
हे किती अवघड असतं
त्यांना कुणी सांगू नये.

आज पारा पंचेचाळीस.
मी एकशे अठरा, निदान मंगळवारी होते.
सकाळी पाठीमागचा खालचा हूक
माझा मी लावला. वरचे दोन
अजून हर्षाच लावते,
आणि लावताना गार हातानं चिमटा काढते.